कोंड्याचा मांडा : ऑक्टोबर १९४२ मधील एका आठवड्याची गोष्ट

१/
काटकसरी गृहिणीचे कौतुक करण्यासाठी मराठीत एक जुना वाक्प्रचार आहे : ती कोंड्याचा मांडा करते. मांड्याला लागते बारीक सपीट. ते नसताना उरल्यासुरल्यातून पंगत निभावून नेणारी बाई घराची अब्रू राखते, असा त्याचा भाव. दुसऱ्या महायुद्धात एका संपूर्ण देशाने असा मांडा कसा केला, ते या धाग्यात पाहू. देश ब्रिटन, आठवडा रविवार ११ ते शनिवार १७ ऑक्टोबर १९४२. सेनापती आणि रणगाडे आज बाजूला. आपण शिरणार आहोत एका स्वयंपाकघरात आणि त्यामागच्या परसबागेत. #इतिहास #धागा

२/
प्रथम एक खुलासा. हे घर प्रातिनिधिक आहे, कोणा एका कुटुंबाचे नाही. कारखान्यात जाणारा नवरा, घर सांभाळणारी बायको आणि शाळकरी वयाची दोन मुले. मात्र त्यांच्या ताटातील वजने, बाजारातील नियम आणि वाफ्यातील भाज्या त्या काळातील खऱ्या आहेत.

३/
युद्धापूर्वी ब्रिटन आपल्या अन्नाचा फार मोठा भाग परदेशातून आणत असे. वर्षाला सुमारे २ कोटी टन अन्न जहाजांनी येई. गहू कॅनडाचा, मांस अर्जेंटिना व न्यूझीलंडचे, डुकराचे मांस आणि लोणी डेन्मार्कचे, चहा हिंदुस्थान व सिलोनचा. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि जर्मन पाणबुड्यांनी याच जहाजांवर नेम धरला. पुढे अन्नाची आयात जवळजवळ निम्म्यावर आली. प्रश्न साधा होता : उरलेले निम्मे कोणी खायचे?

४/
बाजाराला विचारले असते तर उत्तर ठरलेले होते : ज्याच्या खिशात पैसा, त्याने. सरकारने वेगळा मार्ग धरला. ८ जानेवारी १९४० पासून बेकन, लोणी आणि साखर शिधापुस्तकावर मिळू लागली. प्रत्येक माणसाचे पुस्तक वेगळे. घराने आपले दुकान ठरवून तेथे नाव नोंदवायचे. दुकानदाराकडे जितकी नावे तितकाच माल पोचायचा. बहुतेक प्रौढांचे पुस्तक मातकट पिवळसर रंगाचे, ५ ते १६ वर्षांच्या मुलांचे निळे आणि गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता व पाच वर्षांखालील बालके यांच्यासाठी हिरवे. हिरव्या पुस्तकाला दुधात, अंड्यांत आणि फळांत पहिला मान होता.

५/
१९४२ मध्ये एका प्रौढाचा आठवड्याचा वाटा साधारण असा : बेकन ४ औंस (सुमारे ११३ ग्रॅम), साखर ८ औंस, लोणी २ औंस, मार्गारीन ४ औंस, तळणाची चरबी २ औंस, चहा २ औंस. दूध अडीच-तीन पिंट. अंडे एक, तेही आले तर. चीजचा वाटा युद्धकाळात १ औंसापासून ८ औंसांपर्यंत वर-खाली होत राहिला. चहाचे दोन औंस म्हणजे ५७ ग्रॅमसुद्धा नाहीत. आपल्या घरात एवढी पत्ती किती दिवस पुरते, हे डबा उघडून पाहावे.

६/
काय मोजून मिळत नव्हते, हेही तितकेच महत्त्वाचे. पाव, बटाटे आणि भाज्या युद्ध संपेपर्यंत शिधापुस्तकाबाहेर होत्या. पोट भरण्याचे साधन सर्वांना मोकळे आणि चवीचे सारे मोजून, असा हा हिशेब. डबाबंद मासे, मांस, डाळी, सुका मेवा अशा वस्तूंसाठी डिसेंबर १९४१ पासून गुणांची पद्धत आली : चार आठवड्यांना ठरावीक गुण, ते कोणत्या दुकानात कशावर खर्चायचे हे गृहिणीने ठरवायचे. हाती थोडीशी निवड राहिल्यामुळे ही पद्धत लोकांना मानवली.

७/
रविवार. इंग्रज घराचा आठवडा भाजलेल्या मांसाने सुरू होई. मांसाचा शिधा वजनावर नव्हता, किमतीवर होता : माणशी १ शिलिंग २ पेन्स. चौघांचे मिळून ४ शिलिंग ८ पेन्स. उत्तम तुकडा घेतला तर एका जेवणात संपे. हलक्या प्रतीचे, हाडांसकटचे मांस घेतले तर त्याच पैशात वजन जास्त. ते मंद आचेवर तासन्‌तास शिजवले की मऊ पडे. म्हणून शहाणी गृहिणी खाटकाशी आधीच जमवून ठेवी. कलेजी, गुर्दे आणि ससा यांवर शिधा नव्हता. पण ते मिळवायला ओळख आणि पहाटेची रांग लागे.

८/
रविवारी दुपारी रेडिओवर सी. एच. मिडलटन यांचे बागकामावरील भाषण असे. शांत, घरगुती आवाज. लाखो लोक ऐकत. युद्धापूर्वी ते फुलांविषयी बोलत, आता कोबीविषयी. ऑक्टोबर १९३९ मध्येच कृषिमंत्री सर रेजिनल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी जनतेला आवाहन केले होते की रिकाम्या जमिनीत भाजी लावा. या मोहिमेचे नाव पडले ‘विजयासाठी खणा’. डॉर्मन-स्मिथ हे नाव ध्यानात ठेवावे. ते पुढे आणखी एका ठिकाणी भेटणार आहे.

९/
ज्यांना घरामागे जागा नव्हती त्यांना पालिका नाममात्र भाड्याने भाजीचा तुकडा देई. त्याला ॲलॉटमेंट म्हणत. नेहमीचा तुकडा ९० फूट लांब व ३० फूट रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. युद्धाच्या आरंभी असे सुमारे ८ लाख १५ हजार तुकडे होते, १९४३ पर्यंत ते १४ लाखांवर गेले. लंडनच्या टॉवरभोवतीच्या कोरड्या खंदकातही भाजीचे वाफे उभे राहिले. लॉन उखडून बटाटे लावणे हे देशभक्तीचे लक्षण झाले.

१०/
ऑक्टोबरमध्ये या तुकड्यावर काय काम असे? गाजरे उपटून, पाला कापून, वाळूच्या थरांत रचून ठेवायची. बटाटे उजेड लागणार नाही असे पोत्यात भरायचे, उजेडाने ते हिरवे आणि कडू होतात. कोबी, ब्रसेल्स स्प्राउट, कांद्याच्या जातीतला लीक आणि पार्सनिप ही पांढरी कंदमुळे थंडीतही मातीत टिकत, म्हणून ती लागेल तशी काढायची. मोकळी झालेली जमीन खणून ठेवायची. बाग हिवाळ्यातही रिकामी राहू नये, यावर सरकारी पत्रकांचा सारा भर होता. उन्हाळ्यात सगळ्यांकडेच भाजी असते. खरी परीक्षा फेब्रुवारीची.

११/
सालपटे, पाला, गवत यांचा ढीग कुजवून खत करण्याचा प्रचारही याच काळात जोरात होता. येथे एक धागा आपल्याकडे येतो. ब्रिटनमध्ये कंपोस्टचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता असलेल्या सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी आपली पद्धत बसवली होती ती होळकरांच्या इंदूरमध्ये, १९२४ ते १९३१ या काळात. पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर देऊन, वेळोवेळी पालटून खत करण्याच्या या रीतीला ते ‘इंदूर पद्धत’च म्हणत. इकडच्या शेतकऱ्याच्या उकिरड्याचे शहाणपण अशा रीतीने शास्त्राच्या पोशाखात तिकडे पोचले.

१२/
सोमवार. हा धुण्याचा दिवस. हंडाभर पाणी तापवून सारे कपडे हाताने धुवायचे, त्यामुळे चुलीला उसंत नाही. जेवायला रविवारचे थंड मांस, उकडलेले बटाटे आणि लोणचे, ही जुनीच रीत. फेब्रुवारी १९४२ पासून साबणही शिध्यावर आला होता. कारण साबणाला चरबी लागते आणि चरबी खाण्यासाठी हवी होती. साबणाचे उरलेले तुकडे बरणीत गोळा करून, गरम पाण्यात विरघळवून पुन्हा वापरले जात.

१३/
मंगळवार. सकाळी आठच्या बातम्यांनंतर बीबीसीवर पाच मिनिटांचा ‘किचन फ्रंट’ लागे : आज बाजारात काय मुबलक आहे, त्याचे काय करावे. घराघरांत त्या वेळी चहा होत असे आणि गृहिणी अजून बाजाराला निघालेली नसे, म्हणून ही वेळ निवडली होती. रविवारच्या मांसाचे शेवटचे कण आज खिमा होऊन बटाट्याच्या थराखाली जात. हाडांचे सूप. भाज्या उकडलेले पाणी ओतून द्यायचे नाही, रश्शात घालायचे. बटाटा सालीसकट उकडायचा. लोण्याच्या वेष्टनाचा कागद केकचे भांडे पुसायला ठेवायचा. पिठाचे बोट पुसून घेणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवे काहीच वाटले नसते.

१४/
इंधनही मोजकेच. त्यासाठी गवताची पेटी होती : लाकडी खोक्यात वाळलेले गवत ठासून भरायचे, एक उकळी आलेले पातेले झाकणासकट त्यात रुतवायचे, वर गवताची उशी दाबायची. आतली ऊब कोंडून राहते आणि ओट किंवा रस्सा काही तासांत विस्तवाविना शिजतो. सकाळी पातेले पेटीत ठेवून बाई कामावर गेली तरी संध्याकाळी जेवण तयार.

१५/
बुधवार. मांस संपले. आता ‘वूल्टन पाय’. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांचे नाव या पदार्थाला मिळाले, पण तो बसवला होता लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने. बटाटा, गाजर, फ्लॉवर, सलगमाच्या जातीचा स्वीड हा कंद आणि कांद्याची पात एकत्र शिजवायची, घट्टपणासाठी ओट घालायचे, वर बटाट्याचे किंवा कणकेचे आवरण देऊन भाजायचे. लोकांनी त्याची मनसोक्त टिंगल केली आणि तो खाल्लाही. वूल्टन राजकारणी नव्हते, मोठ्या दुकानांचा कारभार पाहिलेले व्यापारी होते. गिऱ्हाइकाला माल हातात मिळाला नाही तर घोषणा निष्फळ ठरते, हे त्यांना ठाऊक होते.

१६/
सोबतीला ‘नॅशनल लोफ’. १९४२ च्या वसंतापासून पांढरा पाव विकणे बंद झाले. गव्हाच्या दर शंभर भागांतून ८५ भाग पीठ काढायचे, म्हणजे कोंडा बराचसा पिठातच राहतो आणि तितकाच गहू अधिक माणसांना पुरतो; जहाजांवरचा भार हलका होतो. पाव करडा, चिवट आणि दमट लागे. कोंड्याचा मांडा करणे हा वाक्प्रचार येथे अक्षरशः खरा ठरला.

१७/
हा शिधा अंदाजाने ठरवलेला नव्हता. रॉबर्ट मॅकॅन्स आणि एल्सी विडोसन या केंब्रिजच्या संशोधकांनी युद्धाच्या सुरुवातीलाच स्वतः व सहकाऱ्यांनी अत्यंत तुटपुंजा आहार घेऊन, सायकल मारून, डोंगर चढून पाहिले. निष्कर्ष : माणूस या आहारावर धडधाकट राहतो, पण कोंड्याच्या पिठामुळे शरीरात कॅल्शियम कमी शोषले जाते. त्यावर उपाय म्हणून पावाच्या पिठात कॅल्शियम मिसळले जाऊ लागले. अन्नखात्याचे शास्त्रीय सल्लागार जॅक ड्रमंड यांनी मुले व गरोदर स्त्रिया यांना प्रथम स्थान दिले : स्वस्त किंवा मोफत दूध, संत्र्याचा रस, कॉडलिव्हर तेल.

१८/
गुरुवार. अंड्यांचा दिवस, म्हणजे बहुधा अंड्याच्या भुकटीचा. १९४२ च्या मध्यापासून अमेरिकेतून आलेली सुक्या अंड्यांची पुडी मिळू लागली. एका पुडीत बारा अंडी. पाण्यात कालवून ऑम्लेट करायचे, वास सहन करायचा. ज्यांना ताजे अंडे हवे त्यांनी कोंबड्या पाळाव्यात. मात्र मग अंड्यांचा शिधा सोडून द्यायचा, त्याबदल्यात कोंबड्यांचा खुराक मिळे. त्यात घरची बटाट्याची साले उकडून मिसळायची. जे कोंबडीही खाणार नाही ते रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या डब्यात, डुकरांसाठी. अन्न वाया घालवणे १९४० पासून कायद्याने गुन्हा होता.

१९/
अशा घराचा आतून घेतलेला वृत्तांत हवा असेल तर नेला लास्ट यांच्या रोजनिशीकडे जावे. बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावातील ही गृहिणी. ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या उपक्रमासाठी तिने १९३९ पासून रोजचे जगणे लिहून पाठवले आणि आपला परिचय ‘गृहिणी, वय ४९’ एवढाच दिला. तिने हिरवळ खणून भाजी लावली, कोंबड्या पाळल्या, घरखर्चातला पैसान्‌पैसा वाचवला, शिवाय स्वयंसेवी कामही केले. या साऱ्यात तिला स्वतःच्या कर्तृत्वाची ओळख पटत गेली. काटकसर हे तिचे कौशल्य होते. युद्धाने प्रथमच त्याला जाहीर किंमत दिली.

२०/
शुक्रवार. मासळीचा वार. मासे शिध्यावर नव्हते, पण मासेमारीच्या बोटी नौदलाने घेतल्यामुळे कमी येत आणि महाग मिळत. म्हणून रांग. रांग दिसली की आधी उभे राहायचे आणि मग काय मिळते आहे ते विचारायचे, हा त्या काळातला विनोद होता आणि सवयही. दोन तास उभे राहून हाती एक कॉड मासा लागला तर दिवस सार्थकी. या शुक्रवारची तारीख १६ ऑक्टोबर. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

२१/
शनिवार. भाजणीचा दिवस. साखर तुटपुंजी, म्हणून केकमध्ये किसलेले गाजर. मार्गारीन, दूध आणि कॉर्नफ्लोअर घोटून ‘खोटी साय’. केळी १९४० च्या अखेरीस आयातीतून गायब झाली होती. पार्सनिप उकडून, कुस्करून, इसेन्स घालून मुलांना केळे म्हणून दिले जाई. कांदा एवढा दुर्मीळ झाला होता की सोडतीत बक्षीस म्हणून ठेवत. जुलैपासून मिठाईही शिध्यावर आली होती. मुलांची आठवड्याची गोळ्या-चॉकलेटे शनिवारी आणायची आणि रविवारपर्यंत पुरवायची.

२२/
आठवडा संपला. या साऱ्यामागे किती वेळ आणि कष्ट गेले? ते जवळजवळ सर्व स्त्रियांचे होते. डिसेंबर १९४१ पासून विशीतल्या अविवाहित स्त्रियांना सक्तीच्या युद्धसेवेला बोलावले जात होते. विवाहिताही कारखान्यांत जात. रांग, वाफा, चूल आणि पाळी, सारे एकाच दिवसात. त्यांच्यासाठी ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ नावाच्या सरकारी खानावळी निघाल्या, सुमारे ९ पेन्समध्ये पोटभर जेवण.

२३/
आणि सारे समान होते असेही नाही. श्रीमंतांना हॉटेलात शिधापुस्तकाशिवाय जेवता येई. बोभाटा झाल्यावर १९४२ मध्ये एका जेवणाला ५ शिलिंगांची मर्यादा आली. काळा बाजार होता. ज्याला बाग होती त्याचे ताट गावठाणातल्या खोलीत राहणाऱ्यापेक्षा भरलेले असे. तरीही मूळ गोष्ट ढळली नाही : मजुराच्या बायकोच्या आणि लॉर्डच्या बायकोच्या पुस्तकात लोणी तितकेच होते, आणि ते ठरलेल्या भावाने मिळण्याची हमी होती.

२४/
परिणाम? नीरस, करडे, पण पोटभर अन्न. १९४५ मध्ये इंग्लंड-वेल्समधील बालमृत्यूचे प्रमाण युद्धापूर्वीपेक्षा कमी होते. बॉम्बवर्षावात, आयात निम्म्यावर आली असताना, गरिबांची मुले आधीपेक्षा सशक्त झाली. काटकसरीचा हा विजय सर्वत्र सांगितला जातो आणि तो खराही आहे. परंतु तो केवळ काटकसरीचा होता का? त्यासाठी त्या शुक्रवारकडे परत जावे लागेल.

२५/
१६ ऑक्टोबर १९४२. इंग्लंडात मासळीची रांग लागली होती त्याच दिवशी बंगालच्या मिदनापूर किनाऱ्यावर चक्रीवादळ आणि समुद्राच्या प्रचंड लाटा आदळल्या. नवरात्राचे, दुर्गापूजेचे दिवस. सुमारे साडेचौदा हजार माणसे आणि १ लाख ९० हजार गुरे गेली. पोटरीतले भाताचे पीक आडवे झाले आणि घरातल्या कणग्या वाहून गेल्या. मिदनापूरही त्याच ब्रिटिश साम्राज्यात होते आणि तेच युद्ध लढत होते.

२६/
बंगालला काही तांदूळ ब्रह्मदेशातून येत असे. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि तो पुरवठा तुटला. त्या वेळी ब्रह्मदेशाचे गव्हर्नर कोण होते? रेजिनल्ड डॉर्मन-स्मिथ, ब्रिटनला भाजी लावा म्हणणारे तेच मंत्री. शिवाय शत्रूला मिळू नये म्हणून सरकारने किनारपट्टीतील जादा तांदूळ उचलला आणि हजारो नावा ताब्यात घेतल्या किंवा मोडल्या. नदीनाल्यांच्या त्या मुलखात नाव हीच बैलगाडी, तेच जाळे, तोच बाजार.

२७/
कलकत्त्यात तांदूळ डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये होता. मे १९४३ मध्ये ३० च्या वर गेला. कलकत्त्यातील कारखान्यांचे कामगार, सरकारी नोकर, लष्कराशी निगडित लोक यांना अग्रक्रमाने आणि सवलतीत धान्य मिळण्याची सोय झाली. खेड्यातील भूमिहीन मजूर, कोळी, नावाडी यांच्या हाती कोणतेच पुस्तक नव्हते. ब्रिटनने आपल्या घरी बाजाराला जे विचारायचे टाळले, ते बंगालात बाजारालाच विचारले गेले आणि बाजाराने अपेक्षित उत्तर दिले.

२८/
बंगाली गृहिणीला काटकसर येत नव्हती का? तळ्याकाठचे अळू, रानातल्या पालेभाज्या, केळफूल, मुळे-देठ यांतले काहीही वाया न घालवणारे ते स्वयंपाकघर. १९४३ मध्ये लोकांनी अळूची पाने, रानपाला, मिळेल ते शिजवले. मग गावे सोडून ते कलकत्त्याच्या रस्त्यांवर आले आणि दारोदार भात नव्हे, ‘फॅन’ मागू लागले. फॅन म्हणजे भात वेळताना निघणारे पाणी. कोकणातल्या घरात जी पेज आजारी माणसाला देतात किंवा गोठ्यात नेतात, तिच्याही पलीकडचे निथळ. भात मागून मिळणार नाही हे कळल्यावर माणसे भाताचे पाणी मागत होती. कोंड्याचा मांडा करायला निदान कोंडा तरी लागतो.

२९/
१९४५ च्या सरकारी चौकशी आयोगाने मृत्यूंचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांच्या आसपास जातात. कारणांविषयी इतिहासकारांत आजही वाद आहे. परंतु काही गोष्टी कागदोपत्री स्पष्ट आहेत. जानेवारी १९४३ मध्ये हिंदी महासागराकडे येणाऱ्या जहाजांत मोठी कपात झाली. ती जहाजे ब्रिटनच्या आयातीसाठी वळवली गेली. भारतमंत्री ॲमरी आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हॉइसरॉय झालेले वेव्हेल धान्यासाठी जहाजे मागत राहिले. लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने मागणीच्या मानाने फार थोडे दिले. इंग्लंडच्या पावाची हमी आणि बंगालच्या भाताची बेहमी एकाच टेबलावर ठरत होती.

३०/
अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये या दुष्काळाची जी मांडणी केली तिचे सार असे : अन्न देशात असणे वेगळे आणि माणसाचा त्यावर हक्क पोचणे वेगळे. मजुरी तीच राहिली आणि तांदूळ दुप्पट-तिप्पट झाला की मजुराचा हक्क संपतो, कोठार भरलेले असले तरी. शिधापुस्तक हे याच हक्काचे कागदी रूप होते. त्याच्या बळावर इंग्रज गृहिणीची काटकसर फळली.

३१/
आपल्याकडे काय झाले? मुंबईत २ मे १९४३ रोजी धान्याचे रेशनिंग सुरू झाले. असे पाऊल लवकर उचलणाऱ्या शहरांत मुंबई होती. चाळींतल्या संसारांत रेशनकार्ड, रांग आणि माणशी मोजलेले धान्य यांनी तेव्हापासून घर केले. कलकत्त्यात रेशनिंग आले ते जानेवारी १९४४ च्या अखेरीस, तोपर्यंत मरणारे मरून गेले होते. शिधा हा शब्द मराठीला नवा नव्हता. सैन्यात, वाड्यांवर, देवस्थानांत माणशी शिधा मोजून देण्याची रीत होतीच. नवे होते ते एवढेच की तो आता आश्रितालाच नव्हे, शहरातल्या प्रत्येक रहिवाशाला मिळू लागला.

३२/
ब्रिटनमध्ये युद्ध संपले तरी शिधा संपला नाही. उलट जो पाव युद्धात मोकळा होता तो जुलै १९४६ मध्ये शिध्यावर आला आणि दोन वर्षे राहिला. रांगांना कंटाळलेल्या गृहिणींनी जाहीर निषेध केले. मांसावरील शेवटचे बंधन ४ जुलै १९५४ रोजी उठले. एकूण साडेचौदा वर्षे. तोवर एक पूर्ण पिढी मोजलेल्या लोण्यावर वाढली होती.

३३/
आज त्या काळच्या पाककृती पुन्हा छापल्या जातात, परसबागेचे गोडवे गायले जातात, आणि ते योग्यच आहे. भाजीचे पाणी रश्शात घालावे, सालीचे खत करावे, शिळ्या पोळीला फोडणी द्यावी. ही विद्या टिकवण्याजोगी आहे. परंतु काटकसरीचे कौतुक करताना एक प्रश्न सोबत ठेवावा : या चुलीपर्यंत किमान वाटा पोचण्याची हमी कोणी दिली आहे? ती असेल तेथे काटकसर हे कौशल्य आहे. ती नसेल तेथे काटकसरीचा उपदेश म्हणजे उपाशी माणसावर ठेवलेला दोष.

३४/
ऑक्टोबर १९४२ च्या त्या आठवड्यात दोन्हीकडच्या स्त्रिया तितक्याच कष्टाळू, तितक्याच हिशेबी होत्या. दोघींनीही पाण्याचा थेंब आणि पाल्याचे पान वाया घालवले नाही. फरक चुलीपुढे नव्हता. तो एकीच्या पिशवीतल्या आणि दुसरीच्या झोळीत नसलेल्या त्या मातकट पुस्तकाचा होता.

३५/
धागा येथे संपतो. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडे रेशनच्या दिवसांच्या, रांगांच्या, मिलोच्या भाकरीच्या आठवणी असतील तर त्या अवश्य लिहून ठेवा आणि येथेही सांगा. स्वयंपाकघराचा इतिहास बहुधा कागदावर उतरत नाही. तो सांगणारे असतात तोवरच असतो.